काकडीची नाडी

मनगटाला बांधायचं आरोग्याचं घड्याळ घ्यावं का, असं जो चारचौघांत विचारतो त्याचं घ्यायचं बहुधा ठरलेलंच असतं. कोणीतरी 'घेऊन टाका हो' म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. माझी पंचाईत अशी झाली की मी विचारलं ते शिक्षकांच्या खोलीत. मास्तर मंडळी सल्ला देत नाहीत, चर्चा घडवून आणतात. पहिल्या मधल्या सुट्टीत घड्याळाचे फायदे झाले, दुसऱ्या दिवशी तोटे झाले आणि तिसऱ्या दिवशी विषय जुन्या पेन्शनवर गेला, तो अजून परत आलेला नाही.

मुळात हे घड्याळ डोक्यात शिरलं ते रक्तातून. तपासणीत माझी साखर काठावर आली. साखरशेत नावाच्या गावात नोकरी करणाऱ्याची साखर वाढली, यावर तुमच्या जिभेवर आत्ता जो विनोद आला आहे तो डॉक्टर, केंद्रप्रमुख आणि माझे सासरे यांनी याच क्रमाने करून झालेला आहे. हसून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, रोज दहा हजार पावलं चाला." मी विचारलं, मोजायची कशी? ते म्हणाले, हल्ली घड्याळं मिळतात की. त्यांच्या मनगटावर होतंच. मग ते दवाखान्यासमोर लावलेल्या गाडीत बसून पलीकडच्या गल्लीतल्या घरी जेवायला गेले.

हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, ते शोधत गेलो. चरकात नाही तर निदान एखाद्या मोठ्या इस्पितळात तरी सापडेल अशी आशा होती. सापडला तो कमरेला लावायच्या एका यंत्रावर. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानी माणसाला व्यायामाचं वेड लागलं, आणि १९६५ साली तिथल्या यामासा नावाच्या कंपनीने पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं ठेवलं. आकडा गोल, कानाला गोड. खोक्यावरून तो डॉक्टरांच्या तोंडी गेला आणि डॉक्टरांच्या तोंडून माझ्या कपाळी आला.

पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांच्या पावलांचा हिशोब छापून आला. सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला होता. म्हणजे अडीच हजार पावलं यामासा कंपनीची. हे मी मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखवलं. सौभाग्यवतीने शांतपणे विचारलं, "त्या बायकांच्या डोक्यावर हंडा होता का?"

अहवालात तसा रकाना नव्हता.

अशा परिस्थितीत आषाढात दाभोशाचा धबधबा बघायला नाशिकचा भाचा आला. त्याने नवं घड्याळ घेतलं होतं, जुनं त्याच्या बॅगेत पडून होतं. "मामा, आधी वापरून बघा, मग ठरवा," म्हणाला आणि ठेवून गेला. दिवाळीला परत न्यायच्या बोलीवर. भाऊबीज आम्ही घालायची आणि घड्याळही तो परत नेणार, हा व्यवहार मला तेव्हाच खटकला होता; पण फुकटच्या घड्याळाची वेळ बघू नये.

पहिली परीक्षा जीपमध्येच झाली. जव्हारहून साखरशेतला येणारी जीप म्हणजे नऊ माणसांच्या जागेत अठरा माणसं, दोन कोंबड्या आणि खताची एक गोणी. मी पुढच्या सीटवर गिअरच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पाय घालून बसलेला. पाय हलवायला जागाच नाही. हलवला तर गाडी न्यूट्रल होईल. पावसाळ्यातला रस्ता काय असतो ते मी सांगायला नको. फाट्याला उतरलो तर घड्याळ थरथरलं आणि त्याच्यावर फटाके फुटले. माझी हजारो पावलं झाली होती! रस्त्याच्या खड्ड्यांचं सगळं श्रेय माझ्या खात्यावर जमा. ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला, "मग गुरुजी, व्यायामाचे वेगळे द्या."

यातली गोम साधी आहे. घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारी एक चिप असते आणि मनगटाला ठरावीक लयीत हिसके बसले की ते त्याला पाऊल समजतं. पुण्याच्या बागेत हात हलवत फिरणाऱ्या सुखवस्तू माणसाला समोर ठेवून ही लय बेतलेली. तो चालतो तेव्हा फक्त चालतो. त्याच्या हातात काही नसतं, डोक्यावर काही नसतं, आणि तो जिथून निघाला तिथेच परत येतो. आमच्याकडे असा चालणारा माणूस दिसला तर लोक त्याला काय हरवलं म्हणून विचारतात.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत. त्या दिवशी हातपंप रुसला होता म्हणून त्या खालच्या विहिरीवर निघाल्या. मी म्हटलं, मावशी, हे जरा बांधून जा. त्यांनी बांगड्या वर सरकवल्या आणि घड्याळ बांधून घेतलं. येताना डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि घड्याळाचा हात वर, कळशीला धरलेला. तो हात खालपासून वरपर्यंत हलला नाही. हलला असता तर पाणी सांडलं असतं. हंडा-कळशी उतरवून मावशी उंबऱ्यावर टेकल्या, पदराने कपाळ पुसलं, आणि घड्याळ थरथरलं.

"काय म्हणतं?"

मी वाचलं. बराच वेळ बसून आहात, उठा, जरा चाला, असं म्हणत होतं.

मावशी म्हणाल्या, "त्याला सांगा, दुसरी खेप तू आण."

मात्र त्याच मावशी दुपारी पाटावर बसून नाचणीची भाकरी थापायला लागल्या तेव्हा घड्याळ खुशीत आलं. थाप थाप थाप, पावलं पावलं पावलं. सुपाने वरई पाखडली तेव्हा तर ते धावायलाच लागलं. आवणीच्या दिवसांत एका पालकाला बांधलं. सकाळपासून कमरेत वाकून चिखलात भाताची रोपं लावत तो माणूस मागे मागे सरकत होता. त्याचं संध्याकाळचं प्रगतिपुस्तक मी पाहिलं आणि मास्तर म्हणून मला लाज वाटली. इतका नापास मी आजवर कोणालाही केलेला नाही.

पावलांचं राहू द्या. नाडी तरी?

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. पोरांनी त्याला पहिल्याच दिवशी काजवा म्हणून टाकलं. हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं तसा परतीचा उजेड कमी होतो, त्या कमी-जास्तावरून ठोके मोजायचे. कल्पना मोठी हुशारीची आहे, तिची थट्टा करायची माझी छाती नाही. २०१७ साली स्टॅनफर्डवाल्यांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. त्यातल्या सहांनी ठोके बऱ्यापैकी बरोबर सांगितले, चूक पाच टक्क्यांच्या आत. म्हणून मी सगळ्या शाळेसमोर मावशींचा हात धरला आणि घड्याळ लावलं.

दोन रेघा. आकडा नाहीच.

पुन्हा लावलं. पट्टा एक भोक घट्ट केला. पुन्हा दोन रेघा. मावशी समोर उभ्या राहून हसतायत, एका पोराला ओरडतायत, आणि यंत्राच्या हिशोबाने त्यांना नाडीच नाही. मग लक्षात आलं. मावशींच्या मनगटाभोवती गोंदण आहे. लहानपणी टोचून घेतलेलं, ठिपक्याला ठिपका लागलेलं, आता निळसर हिरवं पडलेलं. त्या शाईखाली काजव्याचा उजेड पोचतच नव्हता. घड्याळं बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या सूचनांत बारीक अक्षरांत हे लिहितात, गोंदलेल्या कातडीवर भरवसा नाही म्हणून. त्यांच्या डोळ्यांपुढे दंडावर ड्रॅगन काढून घेतलेला तरुण असणार. आमच्या भागातल्या निम्म्या आज्या यात बाद होतात, हे त्यांच्या गावी नाही.

विज्ञानाचे सर म्हणाले, प्रयोगाला तुलना पाहिजे. त्यांनी मावशींच्या टोपलीतली काकडी उचलली. पावसाळ्यात वरकस जमिनीवर वेल सोडतात, त्याची ती हातभर लांब, ओबडधोबड काकडी. तिला पट्टा बांधला, टेबलावर ठेवली. वर्ग श्वास रोखून. हिरवा दिवा लुकलुकला, घड्याळाने विचार केला आणि आकडा दिला. बहात्तर.

पोरांनी असा काही जल्लोष केला की शेजारच्या वर्गातले गुरुजी काठी घेऊन आले. त्यांना आम्ही काकडीची नाडी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तब्येत चांगली आहे."

यात चमत्कार नाही. परत येणाऱ्या उजेडात काहीतरी कमी-जास्त होतंच. स्वस्त घड्याळ त्या गोंधळातूनही लय शोधून काढतं, कारण 'मला माहीत नाही' हे वाक्य विकलं जात नाही. चीनमध्ये काही वर्षांपूर्वी लोकांनी कागदाच्या गुंडाळीला असा पट्टा बांधून तिचे ठोके काढले होते. आमचा शोध त्यामानाने उशिरा लागला, पण पौष्टिक होता. प्रयोगानंतर काकडी मीठ लावून खाल्ली.

गावात भगत आहेत. तांदळाचे दाणे टाकून बघतात, नाडीवर बोटं ठेवतात. त्यांच्या निदानावर मी काही बोलत नाही. पण भगत मनगट धरल्यावर आधी विचारतो की काय खाल्लंस, कुठे गेला होतास, घरात कोणाशी भांडलास. घड्याळ यातलं काही विचारत नाही. ते सरळ सांगतं की तुमचा आजचा ताण त्रेसष्ट. कशाचा त्रेसष्ट? मीटर, लिटर, क्विंटल? आम्ही पोरांना एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापतो.

जळलेल्या उष्मांकांची गोष्ट तर विचारूच नका. त्याच स्टॅनफर्डच्या तपासणीत उष्मांकांच्या बाबतीत सातांतलं सगळ्यांत चांगलं यंत्र २७ टक्के चुकलं, सगळ्यांत वाईट ९३ टक्के. आमचा रेशन दुकानदार मापात २७ टक्के चुकला असता तर त्याला तहसीलदारांपुढे उभं केलं असतं. आणि हे तर पहिला नंबर आलेलं यंत्र आहे. पिट्सबर्गमध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुणांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. ज्यांना दंडाला बांधायचा पट्टा दिला त्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, ज्यांना दिला नाही त्यांचं जवळपास सहा. मला याचं नवल वाटत नाही. फटाके फुटल्यावर माणूस पेढा खातोच.

झोपेच्या बाबतीत मात्र त्याने मला एक सत्य दाखवलं. भाद्रपदात भात पोटरीला आलं की रानडुकरांपासून राखायला रात्रभर माळ्यावर बसतात. एका मित्राबरोबर मीही हौसेने गेलो. रात्रभर डबा वाजवला, आरोळ्या ठोकल्या. सकाळी घड्याळाने माझ्या झोपेला नावं ठेवली, ते ठीकच. पण दोन दिवसांनी तालुक्याला प्रशिक्षण होतं. नवीन मूल्यमापन पद्धती, दुपारचं सत्र. मी डोळे उघडे ठेवून, वहीत पेन टेकवून, मान हलवत बसलो होतो, याला साक्षीदार आहेत. घड्याळाने त्या वेळेची नोंद 'गाढ झोप' अशी केली. आता हे यंत्र चुकलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. फक्त ती नोंद मोबाईलमार्फत कंपनीच्या ढगात जाते, आणि ढगातून खाली काय काय बरसेल याचा नेम नाही, म्हणून पुढच्या प्रशिक्षणाला ते मी घरी ठेवलं.

एका ठिकाणी घड्याळाच्या बाजूने बोलायला हवं. हृदयाची लय बिघडते, ठोके वेडेवाकडे पडतात, आणि माणसाला पत्ता नसतो; त्यातून पुढे पक्षाघात होऊ शकतो. अॅपलच्या घड्याळावर चार लाख एकोणीस हजार लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. घड्याळाने 'ठोके बरोबर नाहीत' असा इशारा दिला तो फक्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीला पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांतल्या साधारण एकतृतीयांशांना तो विकार खरोखर सापडला. साठी ओलांडलेल्या, हृदयाची तक्रार असलेल्या, खिसा जड असलेल्या माणसाने चांगल्यापैकी घड्याळ घ्यावं, मी त्याला अडवणार नाही. फक्त इशारा मनगटावर आला तरी ईसीजी काढायला त्याला जीपमध्ये बसून जव्हारच्या कुटीर रुग्णालयात जावंच लागेल. आणि जीपमधली त्याची पावलं मोजली जातील.

पण स्वस्तातलं, दोन हजारांचं? रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे जवळपास आठवडाभर माती उपसायची, आणि आपण माती उपसली हे त्या घड्याळाकडून ऐकायचं. तेही ऐकवेलच असं नाही; फावडं मारताना मनगट घट्ट असतं.

शिवाय आमच्या तालुक्यात अंगाला गुंडाळायचा आरोग्यपट्टा आधीपासून आहे. त्याला बॅटरी नाही, दिवा नाही. अंगणवाडीताईंच्या पिशवीत असतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोराच्या डाव्या दंडाला तो गुंडाळायचा आणि खिडकीत रंग बघायचा. साडेबारा सेंटिमीटर किंवा वर असेल तर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. १९९२-९३ साली वावर-वांगणीची पोरं कुपोषणाने गेली तेव्हा जव्हारचं नाव देशभर झालं. तेव्हापासून इथे वजनकाटे आले, पट्ट्या आल्या, साहेब आले, समित्या आल्या. पट्टीवर लाल रंग दिसला की ताईंचा चेहरा कसा होतो ते मी एकदा पाहिलं आहे. ती पट्टी कोणाचं अभिनंदन करत नाही. तिच्यामागे माणूस लागतो, पोराला खायला लागतं, आणि दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले तर त्यांच्यामागे जाणारं कोणीतरी लागतं. पट्टी फुकट मिळते. महाग ते बाकीचं आहे.

दिवाळीला भाचा आला. घड्याळ पुसून त्याच्या हातात दिलं. "मग मामा, घेताय का नवं? आता साखर मोजणारीसुद्धा मिळतात," म्हणाला आणि मोबाईलवर दाखवू लागला. सुई नको, रक्त नको, नुसतं बांधा. मी त्याला सांगितलं की न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला आम्ही मान्यता दिलेली नाही, त्यांच्या नादी लागू नका, असं अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलेलं आहे. म्हणजे माझी मूळ तक्रार ज्याची, नेमकं तेच घड्याळाला कळत नाही. साखरेसाठी मी हल्ली फाट्यावर उतरून शाळेपर्यंत चालत जातो. पावलं किती होतात ते रस्त्यालगतच्या गुराख्यांना विचारा; ते मला रोज हसतात.

"पैसे घालवायचेच आहेत ना," आतून आवाज आला, "मग माझं बीपी मोजायचं यंत्र आणा. दंडाचं आणा, मनगटाचं नको. सिस्टर म्हणाल्या आहेत."

प्रश्न सुटला. शिक्षकांच्या खोलीत जे जमलं नव्हतं ते स्वयंपाकघरातून एका वाक्यात झालं.

यंत्र आलं. फुगतं, दंड आवळतं, फुस्स करून सोडतं आणि आकडा दाखवतं. गोंदण असो, बांगड्या असोत, त्याला सोयरसुतक नाही. दोन दिवसांत बातमी पसरली आणि रविवारी सकाळी आमच्या ओटीवर रांग लागली. मावशी आल्या, त्यांच्या जावा आल्या, जीपचा ड्रायव्हर गाडी चालू ठेवून आला. एका आजोबांना फुगवण्याचा अनुभव इतका आवडला की ते पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आजोबा, तुमचं झालंय."

त्यांनी दुसरा हात पुढे केला. "तो डावा होता. ह्याचा राह्यला."

मी त्यांना समजावणार तेवढ्यात रांगेत मागे उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "घ्या गुरुजी. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचं घ्यायचं असतं. जास्त येईल तो धरायचा."

मग आधी मोजून बसलेले सगळेच उठले आणि दुसऱ्या हाताची नवी रांग लागली.